माझ्या आवाजाला भिणारे रान

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. तागूनीत गावाच्या वनचौकीमागे, सरपणाच्या ढिगाशेजारी, चार दगडांवर मला टेकवून ठेवले आहे. चाके दुसऱ्या गाडीला गेली. दिवे कोणाच्या तरी उपयोगी पडले. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात आणि थंडीत एक मांजर ड्रायव्हरच्या आसनावर झोपते. याबद्दल माझी तक्रार नाही. मला एका दिवसाची हकीकत जशी घडली तशी सांगायची आहे. तिच्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जाड पत्रा, साधे इंजिन, चारही चाकांना ओढ. अंगाला हिरवा रंग दिला तेव्हा तो कशासाठी हे मला ठाऊक नव्हते. जहाजातून उतरून, दोन दिवसांचा रस्ता तुडवून मी ॲटलासच्या डोंगरात आले आणि देवदारांचे रान पाहिले, तेव्हा कळले. मी त्या रानात उभी राहिले की वीस पावलांवरून दिसत नसे.

दिसत नसे, पण ऐकू येई. माझ्या इंजिनाची धडधड जड होती आणि तिच्यात मधूनच एक बारीक शिट्टी मिसळत असे. ती शिट्टी का येते हे कोणत्याही मिस्त्रीला सापडले नाही. हिवाळ्यात हवा स्थिर असली की माझा आवाज दोन दऱ्या ओलांडून जाई. तागूनीतची पोरे तोंडाने माझा आवाज काढत आणि आपल्याच बापांना घाबरवत.

घाबरण्याचे कारण होते. माझे काम रान राखण्याचे होते. आमच्याकडे हिवाळ्यात गवत बर्फाखाली जाते. शेळ्यांना खायला काही उरत नाही. मग धनगर कुऱ्हाड घेऊन देवदारावर चढतात आणि फांद्या तोडून खाली टाकतात. कायद्याने त्याला बंदी आहे, कारण शेंडा तोडलेला देवदार काही वर्षांत वाळतो. देवदार मोठा व्हायला दोनशे वर्षे लागतात. शेळी मरायला चार दिवस पुरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या वाटेवरून मी तीस वर्षे धावले.

मी वळणावर आले की कुऱ्हाडींचे आवाज थांबत. फांदीवरची माणसे खाली उडी मारत आणि खडकांआड जात. वनरक्षक उतरून फांद्या मोजत, पावती फाडत, कुऱ्हाड सापडली तर जप्त करत. वरून आलेल्या एका अधिकाऱ्याने माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हटले होते, "ही एकटी दहा शिपायांचं काम करते!" मला त्याचा फार अभिमान वाटला होता. हे मी लपवणार नाही.

माझा ड्रायव्हर पहिल्यापासून एकच होता, बास्सू. तो याच गावचा. त्याची माझ्यावर माया होती. हिवाळ्यात रोज संध्याकाळी तो इंजिनाखालचा छोटा नळ उघडून माझ्यातले पाणी काढून टाकी, म्हणजे ते आत गोठून लोखंड फुटू नये. सकाळी चुलीवरचे गरम पाणी भरी आणि मगच मला जागे करी.

पुढे शहरातल्या कचेरीत पांढऱ्या नव्या गाड्या आल्या आणि माझ्याकडे लक्ष कमी झाले. तेल सहा महिन्यांऐवजी वर्षाने बदलू लागले. हाताने फिरवून इंजिन चालू करायचा लोखंडी दांडा एका वर्कशॉपात राहिला, तो परत आला नाही. बॅटरी इतकी थकली की मला उतारावर ढकलूनच चालू करावे लागे. आणि तो पाण्याचा नळ गंजून घट्ट बसला. तेव्हापासून बास्सू रात्री मला चौकीच्या तबेल्यात, खेचरांच्या उबेला ठेवी. नवा नळ आणि नवी बॅटरी मागणारे तीन अर्ज त्याने चौकीचे प्रमुख वनरक्षक मीमून यांच्याकडे दिले. मीमून हे डोंगराबाहेरून आलेले, शिस्तीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. अर्ज त्यांच्या टेबलावर, चहाच्या डब्याखाली राहिले.

आता त्या दिवसाकडे येते.

जानेवारीच्या पाच तारखेला बर्फ सुरू झाला आणि चार दिवस थांबला नाही. नऊ तारखेला सकाळी आभाळ मोकळे झाले. चौकीच्या दारात तूदा आली. तागूनीतच्या हम्मू धनगराची ही बायको. हम्मूला मीमून यांनी शरद ऋतूत दंड केला होता आणि त्याची कुऱ्हाड घेतली होती. तेव्हापासून ती चौकीसमोरून जाताना मान फिरवी. आज ती आत आली, अंगावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या घोंगडीवरचा बर्फही न झटकता.

"साहेब, माझा माणूस वर रानात आहे. शुक्रवारी यायचा होता. काल संध्याकाळी कुत्रं एकटंच परत आलं."

मीमून यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "वर म्हणजे कुठे?"

तूदाने घोंगडी अंगाशी ओढून घेतली. हम्मू कुठे आहे हे सांगणे म्हणजे तो कुठे फांद्या तोडतो आहे हेही सांगणे.

बास्सू दारात उभा होता. आमच्याकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात. तो म्हणाला, "अगं लल्ला तूदा, रान काय माझ्या खिशात आहे? कुठं ते सांग की."

"सांगते, दादा. आधी साहेबांनी सांगावं, आणायला चाललेत की दंड करायला."

मीमून यांनी टेबलावरचे पेन उचलून पावतीपुस्तकावर ओढून दाखवले. रेघ उमटली नाही. "शाई गोठलीय, लल्ला. आज पावती फाडता येत नाही."

तूदाने त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. मग म्हणाली, "वरच्या खिंडीचा जुना गोठा. त्रेचाळीस शेळ्या आहेत बरोबर."

तो गोठा अकरा किलोमीटरवर होता, आणि सगळी वाट रानातली.

बास्सूने चाकांमधली हवा थोडी कमी केली आणि चारही चाकांना साखळ्या बांधल्या. चौकीच्या उतारावर सगळ्यांनी मिळून मला ढकलले आणि तिसऱ्या खेपेला मी धडधडले. मीमून, तूदा आणि बास्सू पुढच्याच बाकावर खेटून बसले. मागे फावडे, दोर, ताडपत्री आणि जवाच्या भाकरी होत्या.

पहिले पाच किलोमीटर बरे गेले. पुढे वाट उरली नाही. सगळीकडे सारखेच पांढरे. बास्सू झाडांच्या शेंड्यांकडे बघत चालवत होता. जिथे वर आभाळाची पट्टी दिसते तिथे खाली वाट असणार, हा त्याचा हिशेब. मी सर्वांत हळू गिअरमध्ये, बर्फ छातीने ढकलत चढत होते. फांद्यांवर माकडे एकमेकांना बिलगून बसली होती. एरवी ती माझ्यामागे भाकरीसाठी धावत. त्या दिवशी त्यांनी मानसुद्धा हलवली नाही.

सातव्या किलोमीटरला माझी मागची चाके रुतली. फावड्याने उकरले तरी चाके जागीच फिरत राहिली. बास्सू खाली उतरला, चाकांकडे बघितले, झाडांकडे बघितले आणि डोके खाजवले.

"साहेब, चाकाखाली फांद्या घातल्याशिवाय ही निघत नाही."

 मीमून यांनी माझ्या बाकाखालची कुऱ्हाड काढली, जवळच्या देवदाराची खालची फांदी धरली आणि स्वतःच तोडली. मग आणखी दोन.

तूदा आत बसून बघत होती. "दंड कुणाच्या नावावर लिहायचा, साहेब?"

"शाई गोठलीय म्हटलं ना," मीमून म्हणाले. बास्सू तोंड फिरवून हसला. मी फांद्यांवरून बाहेर आले.

गोठा जवळ येऊ लागला तसा शेंडा तोडलेला पहिला देवदार दिसला. तोडीचे तुकडे बर्फाच्या वर पडले होते, खाली नाही. म्हणजे बर्फ पडल्यावर कोणीतरी इथे झाडावर चढले होते. मीमून सवयीने पुटपुटले, "एक." पुढे दुसरा दिसला, मग तिसरा. त्यांची मोजणी चालूच राहिली, पण प्रत्येक आकड्याबरोबर तूदाचा चेहरा थोडा सैल होत होता. तोडलेले झाड म्हणजे जिवंत माणूस. थोड्या वेळाने मीमूनच बास्सूला म्हणू लागले, "उजवीकडे घे, दादा. तिकडे आणखी एक दिसतंय." ज्या खुणांवरून ते तीस हिवाळे माणसे पकडत आले होते, त्याच खुणांवरून आता ते एक माणूस शोधत होते.

बास्सू दर शंभर पावलांवर हॉर्न वाजवत होता. हम्मूला कळावे, मदत आली आहे. मीही जोर लावून धडधडत होते. मला वाटत होते, या रानात आज माझ्या आवाजाइतके चांगले दुसरे काही नाही.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही गोठ्याशी पोचलो. गोठ्याचे अर्धे छप्पर बर्फाच्या भाराने खाली आले होते. उरलेल्या अर्ध्याखाली शेळ्या दाटीने उभ्या होत्या आणि देवदाराची पाने चघळत होत्या. हम्मू नव्हता. तूदाने चुलीतल्या राखेत हात घातला.

"गरम आहे!"

मीमून गोठ्यामागे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. बर्फात ताजे ठसे होते. एक पाऊल नीट उमटलेले, दुसऱ्याच्या जागी लांब ओरखडा. शेजारी काठीची भोके. ठसे गोठ्यापासून दूर, खडकाळ कड्याकडे गेले होते.

"पाय मोडलाय त्याचा," बास्सू म्हणाला. "मग ऊब सोडून निघाला कुठं हा खुळा?"

तूदा ठशांकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे आली आणि माझ्या दारावर तिने हाताचा पंजा आपटला.

"हिच्यापासून! हिचा आवाज ऐकला त्यानं. तुम्ही हॉर्न वाजवताय, आणि तो मोडका पाय ओढत पळतोय!"

मित्रांनो, माझे इंजिन तेव्हाही चालूच होते. धडधड आणि ती बारीक शिट्टी. 

मीमून यांनी हाताचा भोंगा करून हाक दिली, "हम्मू! हम्मू!"

"तुम्ही ओरडू नका, साहेब," तूदा म्हणाली. "तुमचा आवाज तर तो झोपेतही ओळखतो."

ते ठशांवरून चालत गेले, पण खडकाळ कड्यावर ठसे संपले. वाऱ्याने तिथे बर्फ टिकू दिला नव्हता. पलीकडे तीन घळी होत्या, तिन्ही खोल आणि झाडांनी भरलेल्या. तो कोणत्याही घळीत असू शकत होता. तूदाने हाका मारल्या. उत्तर आले नाही.

ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "ही चालू आहे तोवर तो ओ देणार नाही. त्याला वाटेल, मला धरून आणलंय, त्याला दाखवून द्यायला. बंद करा ही."

बास्सूने मान हलवली. "बंद केली तर परत चालू होणार नाही. बॅटरी मेलेली, हँडल नाही, आणि या बर्फात ढकलणार कुठं?"

"मग आपण खाली लांब जाऊन थांबू," मीमून म्हणाले.

"हिचा आवाज दोन दऱ्या जातो, साहेब. तेवढं लांब जाऊन परत येईपर्यंत अंधार पडेल. त्या पायानं तो रात्र काढेल का?"

 तूदा घळींकडे तोंड करून उभी राहिली होती.

"दादा," मीमून हळूच म्हणाले, "बंद कर."

"पाणी काढता येणार नाही, साहेब. नळ गंजलाय. रात्रीत आत गोठेल. ही फुटेल."

"मला माहीत आहे. अर्ज माझ्याच टेबलावर आहेत."

बास्सू आत येऊन बसला. चाकावर त्याने दोन्ही हात ठेवले. तीस वर्षांत तो माझ्याशी मोठ्याने कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. त्याने किल्ली फिरवली.

मी थांबले.

मला हे रान पाठ आहे असे मी समजत होते. पण मी त्यात असताना ते कसे असते हे मी कधी ऐकलेच नव्हते, कारण मी असताना नेहमी माझाच आवाज असे. आता एका फांदीवरून बर्फ निसटला तो ऐकू आला. शेळ्यांचे चघळणे ऐकू आले. बास्सूचा श्वास ऐकू आला.

तूदा कड्यावर जाऊन उभी राहिली. आमच्या डोंगरात एका कड्यावरचे माणूस दुसऱ्या कड्यावरच्याला गाण्यातून हाक देते. तिला तमावायत म्हणतात. एक ओळ, एका दमात, जितका दम पुरेल तितकी लांब. तूदाने डोळे मिटले आणि हाक घातली.

"कड्या रे, माझं माणूस तुझ्याकडं आहे, मी त्याला न्यायला आलेय..."

हाक तिन्ही घळींत उतरली आणि परत आली. तिने दुसऱ्यांदा म्हटले. काही नाही. तिसऱ्यांदा तिचा आवाज मधेच फाटला. तरी तिने ओळ पुरी केली.

मधल्या घळीतून, फार लांबून नाही, एक घोगरा आवाज आला.

"तूदा! गाडी गेली का?"

"गाडी मेली!" तूदा ओरडली. "ये आता वर, गाढवा!"

आणि ती बर्फात मटकन खाली बसली आणि रडू लागली.

त्याला वर आणायला बास्सू आणि मीमून यांना पाऊण तास लागला. हम्मू तीन दिवसांपूर्वी फांदी तोडताना झाडावरून पडला होता. उजवा घोटा मोडला होता आणि त्या पायाची बोटे काळी पडली होती. तरीही त्यानंतर रोज तो शेळ्यांसाठी झाडांवर चढत राहिला होता. मीमून यांना पाहताच त्याने आपली नवी कुऱ्हाड अंगातल्या लांब झग्याच्या, जेलाब्याच्या आत लपवली. मीमून यांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

"साहेब, शेळ्या मरत होत्या..."

"दे म्हणतो ना. आमची खाली फांद्यांपाशीच राहिली. बॉनेटच्या खिळ्या गंजल्यात, ठोकून काढायच्या आहेत."

बास्सूने एकदा किल्ली फिरवून पाहिली होती. माझ्यातून फक्त एक बारीक टक असा आवाज निघाला. मग त्यांनी जप्त करायच्या त्याच कुऱ्हाडीच्या पाठीने माझ्या बॉनेटच्या खिळ्या काढल्या, बॉनेट उलटे करून बर्फावर ठेवले, त्यात ताडपत्री आणि तूदाची घोंगडी अंथरली आणि हम्मूला निजवले. दोर बांधला. पुढे मीमून, मागून आवरायला बास्सू, बाजूला तूदा, आणि त्यांच्यामागे त्रेचाळीसांपैकी उरलेल्या सदतीस शेळ्या. अशी ती रांग आम्हीच चढताना पाडलेल्या चाकोरीतून उतरत गेली. जाताना बास्सूने माझ्या उघड्या इंजिनावर पाठीमागची गोणपाटे टाकली. त्याने काही होणार नाही हे त्याला ठाऊक होते.

चाकोरी होती म्हणून ते दिवेलागणीच्या थोडे नंतर गावात पोचले. हम्मूची तीन बोटे कापावी लागली. पाय वाचला, माणूस वाचला.

माझ्यातले पाणी गोठले आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला वीतभर तडा गेला. मार्चमध्ये खेचरांच्या जोड्या लावून मला खाली आणले. गाडी कोणाच्या निष्काळजीपणामुळे निकामी झाली, असे शहरातल्या कचेरीने लेखी विचारले. मीमून यांनी उत्तर लिहिताना तिन्ही अर्ज सोबत जोडले आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. त्यांची बढती एक वर्ष लांबली. त्याच अहवालात झाडांचाही रकाना होता. त्यांनी लिहिले, शेंडे तुटलेली झाडे एकोणीस, कारण बर्फ. खोटे लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. बास्सू सांगतो की ती ओळ लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली.

पुढच्या शरद ऋतूत मीमून यांनी गावच्या पंचांना चौकीत बोलावले. पाच घरांना वरच्या गोठ्यांत जवाचा पेंढा साठवायला चौकीची खेचरे मिळाली. फांद्या तोडणे त्याने थांबले असे मी म्हणणार नाही. कमी झाले. मीमून अजूनही पावत्या फाडतात. पण हिवाळ्यात कोणी वर अडकले आहे असे कळले की नवी गाडी गोठ्याच्या अलीकडे, उताराकडे तोंड करून थांबते, इंजिन बंद होते, आणि गावची एक बाई खाली उतरून हाक घालते.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातून तुम्ही काही घ्यावे असे मला वाटते. यंत्राची निगा राखा. नळाला तेल लावा, अर्ज चहाच्या डब्याखाली ठेवू नका. ज्या लहानशा गोष्टीकडे आज कोणी बघत नाही, तिच्यावर उद्या कोणाचा तरी जीव टांगलेला असतो. माझा नळ उघडता आला असता, तर त्या दुपारी तीन माणसांना एवढ्या जड मनाने उभे राहावे लागले नसते.

पण तड्याचे मला फारसे दुःख नाही. लोखंड आहे, कधी ना कधी फुटणारच. दुःख याचे आहे की मी त्याला वाचवायला जोराने धावत होते आणि माझ्याच आवाजाने तो मोडक्या पायाने बर्फात लांब लांब जात होता. तो तीस वर्षांचा आवाज होता. एका दिवसाच्या चांगल्या हेतूने तो बदलला नाही.

तुम्ही मोठे व्हाल. कोणाच्या हाती चाक येईल, कोणाच्या हाती पावतीपुस्तक. तुमची चाहूल लागली की माणसे दाराबाहेर येतात की खडकाआड जातात, हे तुम्हाला आतून कधी ऐकू येणार नाही. म्हणून अधूनमधून थांबा, इंजिन बंद करा आणि कान द्या. कोणीतरी जवळच, मधल्या घळीत, तुम्ही निघून जाण्याची वाट बघत असेल.